जत्रेच्या मानाचा तक्ता

३ एप्रिल
खुटबावच्या बिरोबाच्या जत्रेचा मानाचा तक्ता यंदा माझ्याकडे. आठ फुटी फ्लेक्स. खाली कोपऱ्यात ‘मांडणी’ म्हणून माझं नाव येणार. कमिटीचे चांगदेवमामा म्हणाले, वेळ, मान, मानकरी, बास एवढंच लिवा. एवढंच? बावीस वर्षं एकही कोर्स न करता वर्ड शिकलोय, ते एवढंच लिहायला?

५ एप्रिल, सकाळी ७.१०
सोळा ओळी झाल्या. एक खटकतंय. आठ वाजता पहिला ढोल भिमाचा, नऊला दुसरा बिरदेवचा. ‘ढोल’ लागोपाठ दोनदा! दोघं चुलतभाऊ, अकरा वर्षं बोलणं बंद. तो त्यांचा प्रश्न. माझा प्रश्न मांडणीचा.

११.४०
सेल मर्ज केले, म्हणजे दोन घरांचं एक घर. दोन्ही ओळींचा मजकूर एकाखाली एक येऊन बसला. जादाचं पुसलं. आता ‘सकाळी ८, पहिला ढोल, भिमा व बिरदेव’. देखणं! सुषमा चहा ठेवता ठेवता म्हणाली, अवो, पयला ढोल दोघांचा कसा? बायकोला फॉरमॅटिंग कळत नाही.

८ एप्रिल
दौंडला फ्लेक्सवाल्या मोनालीकडे. ती म्हणे, आप्पा, मर्ज कशाला, दोन ओळी ऱ्हाऊ द्या की. डिप्लोमावाली. तिच्या समाधानासाठी स्प्लिट करून दाखवलं. सगळा मजकूर वरच्याच घरात, खालचं घर रिकामं. म्हणजे कॉम्प्युटरही माझ्याच बाजूचा. परत मर्ज केलं. छापा म्हटलं.

२० एप्रिल, सकाळी ८.०५
दोघंही ढोल घेऊन हजर. ठोक्याला. तक्ता लोक वाचतात, याचा पुरावा.

८.२०
भिमा म्हणतो, पयला मान आमच्या बापापास्नं. बिरदेव म्हणतो, फ्लेक्सवर बघ, डोळं फुटलं का? ढकलाढकली. मर्ज म्हणजे काय ते मी समजावत होतो. ऐकायची कुणाची तयारी नाही.

दुपारी
अकरा वर्षांनी दोघं एकमेकांशी नीट बोलले. माझ्याबद्दल. मामा म्हणाले, आसं करायला कुणी सांगितलं व्हतं तुमाला? कुणी नाही. सांगितलेलं तर कुणीही करेल.

२१ एप्रिल
जत्रेचा दुसरा दिवस, मान तेच. कमिटीनं देवळाच्या भिंतीवर खडूनं यादी लिहिली. सोळाच्या सोळा ओळी वेगळ्या. रेघा वाकड्या. पट्टी घेऊन गेलो. तिथं सतरावी ओळ दिसली: ‘सकाळी ७, फ्लेक्स उतरवणे, आप्पा.’
पट्टी काढलीच नाही. शिडी भिमा आणि बिरदेवनं धरली.