ज्याचं टोक त्याच्या जागी

ता. ३ जुलै

चि. ठकीस, वायरमन बापाचे अनेक आशीर्वाद.

तुझं चार पानी पत्र मला कितीला पडलं सांगतो: दोन दुपारी, एक भिंग आणि तुझ्या आईची बोलणी. डोळे दाखवून या म्हणते. दाखवू कधीतरी. पण पत्र वसूल झालं. बेडकाच्या डोळ्यातून मेंदूकडे लाखो तंतू, डाव्या डोळ्याचे उजवीकडे, उजव्याचे डावीकडे, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. वर ना रंग, ना नंबर. आई म्हणाली, हे काम कंत्राटदाराचं नाही एवढं नक्की.

या तंतूंची जुडी, ती डोळ्याची शीर, तू प्रयोगशाळेत कापणार म्हणतेस. मग जुळवणार कोण? मला बोलाव. चाळीस वर्षांत माझं एक टोक चुकीच्या जागी गेलेलं नाही.

माया आहेच, पत्र तेवढं येऊ दे.
बाबा

ता. २९ ऑगस्ट

ती. बाबांस, शि. सा. नमस्कार.

तुम्हाला बोलवावं लागलं नाही. कोणीच काही जुळवलं नाही. एकाच डोळ्याची शीर कापली होती; सात आठवडे, चांगला डोळा झाकला की बेडूक ठार आंधळा. समोर अळी नाचवली तरी ढिम्म. काल सकाळी तो वळला आणि जीभ टाकली, नेमकी अळीवर. कापलेले तंतू अंधारात चाचपडत पुन्हा आपापल्या जुन्या जागी जाऊन बसले होते. आमचे सर खुर्चीत बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. मी रडले, आईला सांगू नका.

आता दुसरं. आई लिहिते, तुम्ही चहा कपाच्या शेजारी ओतता आणि वर कपाला नावं ठेवता. बाबा, मला तुमच्या डोळ्याच्या शिरेचीच शंका येते, आणि माणसाची ही शीर पुन्हा वाढत नाही. गेलं ते गेलं, उरलेलं वाचवता येतं. तुम्ही बेडूक नाही. डॉक्टरांकडे जा.

रागावलात तरी चालेल.
तुमची ठकी

ता. ६ सप्टेंबर

चि. ठकीस, आशीर्वाद.

ते चाचपडणं डोक्यातून जात नाही. पंधराव्या वर्षी मी घर सोडलं तेव्हा जागा मिळेल तिथे बसलो. हा तंतू मात्र आपल्याच जागी जातो. त्याला कोण सांगतं गं? मी हातातली पक्कड ठेवून तुझं पत्र पुन्हा भिंगाखाली धरलं.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. उजव्या डोळ्याची शीर अर्धी वाळली आहे. थेंब दिलेत, उरलेली टिकेल म्हणाले.

तुझ्या बेडकाला माझा नमस्कार सांग.
बाबा

ता. क. आईला वाटतं मी डॉक्टरांकडे तिच्या बोलण्याने गेलो. मंगळवारी शेजारच्या मास्तरांकडे मी स्वतः जोडणी केली. पंख्याचं बटण दाबलं आणि मोरीतला दिवा लागला.