स्वच्छ माती, दोनशे ग्रॅम

४ ऑगस्ट १९९७
सातपूरच्या प्रयोगशाळेत आजपासून रुजू झाले, सहाव्या महिन्याचं पोट घेऊन! खोली तीन किलोमीटरवर, सगुणाबाईंच्या मळ्यात. दाराशीच झेंडूचे वाफे. दिनेश मनमाडला रेल्वेत, रविवारी येणार. सगुणाबाईंनी विचारलं, डोहाळे कसले? लाजतच सांगितलं, मातीचे. त्या हसल्या. "मंग लाजायचं काय त्यात, पोरी? आमच्या मळ्याची खाय." ढेकूळ तव्यावर शेकून दिलं. पण शेकल्यावर तो थंड, गोडसर वास जातो. मला कच्चीच आवडली.

७ ऑगस्ट
कारखान्यांत लोखंडी भाग धुवायला ट्रायक्लोर हा विषारी द्राव वापरतात. सांडलेलं मातीत किती धरून राहतं, ते आम्ही मोजतो. माती, पाणी आणि मोजलेलं ट्रायक्लोर बंद बाटलीत चोवीस तास हलवायचं. पाण्यातून जेवढं कमी झालं, तेवढं मातीने धरलं. आमच्या प्रमुख प्रतिभाताईंना तुलनेसाठी कारखान्यांपासून लांबची स्वच्छ माती हवी होती. मी मळ्यातली नेली. बरणीत दोनशे ग्रॅम.

आज बाळ पहिल्यांदा जोरात हललं.

१२ ऑगस्ट
मळ्यातल्या मातीच्या बाटलीत, घातलं त्यापेक्षा जास्त ट्रायक्लोर निघालं. माती घेते, देईल कशी? प्रतिभाताई म्हणाल्या, "अगं, दोनदा घातलंस. लक्ष सगळं डोहाळजेवणाकडे!" आता नुसती माती आणि पाणी लावलं आहे.

१४ ऑगस्ट
नुसत्या मातीतूनही आलं.

सगुणाबाईंना विचारलं. त्यांनी सहज सांगितलं, बारा वर्षांमागे दिराने कुठल्याशा कारखान्याची पिंपं वाफ्यांखाली पुरून घेतली होती. मग मला त्यांच्या घरात टांगलेला रिकामा पाळणा आठवला. "आमच्या तिन्ही सुना खायच्या माती," त्या म्हणाल्या. "पोट राहतं गं, पण टिकत नाय."

मी दहा दिवस खाल्ली. आजपासून बंद.

१७ ऑगस्ट
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोके ठीक आहेत. रडूच आलं. दिनेश म्हणतो, गुरुवारी न्यायला येतो, सामान बांधून ठेव. त्याने माझा हात हातात घेतला आणि विचारलं, नखं काळी कशाने? झेंडूची रोपं लावली, म्हटलं.

लावली नव्हती.

१९ ऑगस्ट
बरणीतली तीस ग्रॅम प्रयोगांत गेली. एकशे सत्तर उरायला हवी. एकशे दहा भरली. बरणी ठेवते त्या कपाटाची किल्ली एकच, माझ्या गळ्यात.

२० ऑगस्ट
साठ. प्रतिभाताई म्हणाल्या, जेवणाच्या सुट्टीत तू भिंतीकडे तोंड करून कपाटापाशी काय करतेस? मी तर तेव्हा डबा खाते. आज डबा उघडला. पोळ्या सकाळच्या तशाच—

२१ ऑगस्ट
दिनेशची गाडी अजून आली नाही. जीभ थंड. दातांत कचकच. बाळ सकाळपासून हललं नाही—हल ना रे—

बरणी समोर आहे. पंधरा ग्रॅम. उजवा हात हे लिहितो आहे. डावा—