पाच पाठ आणि मुका कॉम्प्युटर

३ मे, शनिवार, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. माझ्या तांत्रिक कामाची कुठेतरी नोंद राहायला हवी. गावात लिनक्स वापरणारा मी एकटाच. विंडोज जानेवारीत स्वतःच्या हाताने काढलं.

काम असं: बायकोला, म्हणजे गोकुळाला, मत्स्यबीजाचे पाच ऑनलाइन पाठ १५ तारखेच्या आत ऐकायचेत. सर्टिफिकेट दाखवलं तरच तिच्या महिला गटाला गावची बोडी, म्हणजे छोटं तळं, मासे पाळायला मिळणार, नाहीतर दुसऱ्या गटाला. पाठ कॉम्प्युटरवरच उघडतात, फोनवर नाही. साइट उघडली. सर दिसतात, तोंड हलतं, आवाज नाही. मामुली गोष्ट.

३ मे, संध्याकाळ
साइटला ब्राउझरमध्ये एक प्लगिन हवा होता. टाकला. आवाज नाही. प्लगिनला पल्सऑडिओ लागतो, माझ्याकडे पाइपवायर आहे. दोघांचं काम एकच, आवाज काढणं. पण एकमेकांशी पटत नाही.

४ मे
पल्सऑडिओ बसवायला गेलो, तर कॉम्प्युटर म्हणतो आधी पाइपवायर काढा. साफ नकार दिला. मी मच्छीमार संस्थेचा सचिव आहे. तलावावर जाळं ओढलं की काठावर सारखे वाटे पडतात. तापाने घरी झोपलेल्याचाही वाटा पडतो. आमच्यात कोणाला काढून टाकत नाहीत. दोघंही राहतील. सक्तीची कमांड शोधून दुसराही बसवला.

५ मे
आवाज आला! चार सेकंद. सर म्हणाले, नमस्कार भगिनींनो, रोहू... आणि गेला. म्हणजे पाया पक्का आहे. गोकुळा विचारत होती, रोहूचं पुढं काय झालं जी?

७ मे
सकाळी पल्सऑडिओ, दुपारी पाइपवायर, अशी पाळी लावून दिली. संस्थेतली भांडणं मी अशीच मिटवतो. दोघंही गप्प बसले. उन्हाने कॉम्प्युटर तापत असणार. कूलर त्याच्याकडे वळवला. गोकुळा पदराने वारा घेत म्हणाली, मले गरमी नाई होत का?

८ मे
गटाच्या अध्यक्ष वच्छलाबाई आल्या. धनराजभाऊ, पाठ काऊन नाई होऊन राह्यले, म्हणाल्या. त्यांना अर्धा तास डिपेंडन्सी, म्हणजे कोणता प्रोग्राम कोणावर अवलंबून, ते समजावलं. त्या म्हणाल्या, आमी नऊ बाया रोज बोडीतला गाळ उपसून राह्यलो, तुमी काय करून राह्यले? मी म्हटलं, चहा घ्या.

त्या गेल्यावर गोकुळा म्हणाली, मले चामोर्शीच्या कॉम्प्युटर सेंटरात जाऊ द्या ना. घरात कॉम्प्युटर असताना सचिवाची बायको सेंटरला गेली, तर गाव काय म्हणेल? दोन दिवस मागितले.

१० मे
दोन दिवस झाले. गडचांदूरच्या गुणवंतरावांना फोन केला. लिनक्सचा नाद मला त्यांनीच लावला. म्हणाले, एकाले काढाच लागते. पन काढाच्या आधी कॉम्प्युटर जे यादी दाखवते थे पूर्न वाचजा. हे त्यांचं उगाच. मी संस्थेच्या ठरावांवर बारा वर्षं न वाचता सह्या करतोय, कधी काही अडलं नाही.

११ मे, दुपारी २
मन घट्ट करून पाइपवायर काढायला घेतला. कॉम्प्युटरने एकशे बारा नावांची यादी दाखवली आणि विचारलं, पुढे जायचं का? हो म्हटलं.

११ मे, दुपारी ३
यादीत डेस्कटॉपही होता. ब्राउझरही. आता काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. खरे इंजिनिअर असंच काम करतात. वेगही वाढल्यासारखा वाटतोय.

१३ मे
ब्राउझर परत आणायला नेट हवं. मला नेट डेस्कटॉपवरूनच जोडता येतं. डेस्कटॉप आणायला नेट हवं. गोकुळा आत्ताच गाळ उपसून आली. तिच्या पायाला अजून बोडीचा चिखल आहे. आज भीती वाटली. बोडी गेली तर ती माझ्यामुळे जाईल. हे वाक्य उद्या खोडणार.

१४ मे, संध्याकाळ
गोकुळाने विचारलं नाही, सकाळी सरळ बसस्टॉपवर गेली. मी मागून गेलो, तांत्रिक सल्ल्यासाठी. चामोर्शीच्या सेंटरला रीना नावाची मुलगी बसते. तिने हेडफोन दिला, बटण दाबलं, पाठ सुरू. विंडोज होतं. मी रीनाला विंडोजचे धोके सांगायला लागलो, तर म्हणाली, काका, तुमी बाहेर बाकावर बसा.

पाच पाठ, मग परीक्षा. वीसपैकी एकोणीस. चुकलेल्या एका उत्तरावर गोकुळा म्हणते, थ्या सरालेच बोडी मालूम नाई. सर्टिफिकेट तिथेच छापून मिळालं. वच्छलाबाईंना फोन लावला, तर पलीकडे सगळ्या बाया एकदम ओरडायला लागल्या. मलाही खूप आनंद झाला, लपवत नाही.

सर्टिफिकेटच्या आधी एक फॉर्म भरायचा होता. प्रशिक्षण घेताना कोणती अडचण आली? मी बाहेरूनच मोठ्याने सांगितलं, लिही, पल्सऑडिओ आणि पाइपवायर यांच्यातला संघर्ष. गोकुळाने मान हलवली.

फॉर्मची प्रत परतीच्या बसमध्ये वाचली. अडचणीच्या रकान्यात तिने एकच शब्द लिहिला होता. घरवाला.