हाशमचा विळा

दि. ९ मार्च २०२५, रविवार
मु. युगांडा

प्रिय हाशम,

सलाम घे, आणि मेहरुनभाभींनाही सांग. त्यांचा गुडघा कसा आहे? म्हणावं, इथे भरीत नाही, कळण्याची भाकरी नाही, तरी प्रेमराज वाळला नाही. वाढलोच असेन दोन किलो. ही माणसं पाहुण्याला उठूच देत नाहीत.

आपण फैजपूरवाले केळी ट्रकमध्ये भरायला लावतो, हे लोक ताटात वाढायला लावतात. कच्ची केळी पानात बांधून वाफवायची, ठेचायची, दोन्ही वेळ तेच. प्रत्येक घरामागे अर्धा-पाऊण एकर बाग. ती गेली तर त्या घरात खायला दुसरं काही नाही.

फोनवर सांगणार होतो. पण तुझ्याकडे घणाचा आवाज, आणि तू मधेच "जाऊ दे ना यार" म्हणतोस आणि मी खरंच जाऊ देतो. मला इथे केळीची शेती शिकवायला आणलेल्या संस्थेतला आपला असोद्याचा पियुष, जो माझं बोलणं लोकांना त्यांच्या भाषेत सांगतो, तो परवा निघतोय. त्याच्या हाती हे पत्र देतोय. एकट्याने वाच. घरी प्रमिलाला माझं मी सांगेन.

बागांना रोग लागलाय, हाशम. पानं पिवळी पडून मोडतात, घड कच्चेपणीच पिकतात, आणि आत कापलं तर सडलेले. नऊ घरांच्या बागा गेल्या.

नोव्हेंबरात आलो तेव्हा या बागा बघून मला राहवेना. एकेका केळीच्या बुंध्याशी फुटलेली आठ-आठ पिलं! म्हटलं, अरे देवा, घड भरणार कसा? पहिल्याच दिवशी तू घडवून दिलेला विळा काढला. ज्यांच्याकडे राहतो त्या जाजा नाकिंटूच्या बागेतच सुरुवात केली. जाजा म्हणजे आजी. सत्तरीची बाई, पण कामाला माझ्यापेक्षा भारी. मला पिलं कापताना बघून ती चुलीतलं जळतं लाकूड घेऊन आली आणि विळ्याकडे बोट दाखवून बोलायला लागली.

पियुष म्हणाला, "काका, एक झाड कापलं की विळा आगीत धरा म्हणतेय. मग दुसऱ्याला लावा."

मला वाटलं, काहीतरी देवाधर्माचं असेल. आणि निघताना तू बजावलं होतंस ना, "आगीजवळ नेऊ नको, पोलादाचं पाणी उतरेल. मग धार गेली म्हणून माझ्या नावाने बोंबलू नको." मी हसलो. म्हटलं, "आजी, तीस वर्षं केळी करतोय. असली धार जाळायची नसते." पियुषने तिला ते सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं, लाकूड परत चुलीत घातलं. पाहुणा ना मी.

त्याच बागेत एका केळीचं पान पिवळं होतं. खत कमी पडलं असेल म्हणून मी ती बुंध्यातून कापली, विळा पँटला पुसला आणि पुढच्या झाडाला लागलो. मग पुढच्या बागेला. लोक बोलवायला यायचे, पोरं पुढे पळायची. सतरा बागा केल्या मी. काय सांगू तुला, आयुष्यात एवढा मान कुणी दिला नव्हता.

बारा दिवसांपूर्वी शेतकी खात्याची बाई जाजाच्या बागेत आली. तिथे जाजा, पियुष आणि मीच होतो. तिने एक खोड कापून उभं धरलं. थोड्या वेळाने त्यातून पिवळा चीक आला, जखमेतून पू यावा तसा. ती म्हणाली, हा रोग हत्याराने फिरतो. कोणत्या बागांत ते फिरलं हे आज कळलं, तर तिथली झाडं वेळेत उपटून बाकीचं गाव वाचेल. मग तिने विचारलं, हत्यार कुणाचं?

मी म्हटलं, "सगळे आपापलं वापरतात."

पियुषने मान खाली घालून तेच सांगितलं. जाजा तिथेच होती.

तुझा काही दोष नाही, हे आधी डोक्यात घे. तू फैजपूरचं सांगितलंस, फैजपुरात ते खरंच आहे. इथलं सांगणारी समोर उभी होती, तिला मी हसलो.

पण खरं अजून लिहिलेलं नाही. सतरा म्हटलं ना? बाई आली तेव्हा पंधराच झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाजाची मुलगी रोझ आणि तिची शेजारीण मला न्यायला आल्या. चहा ठेवून आल्या होत्या. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. विळा आगीत धरला असता तर आजवर तो तसाच बागोबाग फिरवला हे त्यांना तिथल्या तिथे कळलं असतं. म्हणून तसाच चालवला. दोन्ही बागा पुऱ्या केल्या. रोझला चार पोरं आहेत रे. तिची बाग अजून हिरवी आहे. रोज सकाळी मी लपून जाऊन पानं बघतो.

उद्या चर्चच्या आवारात गाव जमणार आहे, ती बाईही येणार आहे. मी यादी वाचणार आहे, सतराही नावं, ज्या क्रमाने कापल्या त्या क्रमाने. हिरव्या बागा माझ्या शब्दावर उपटाव्या लागतील. शेवटच्या दोन नावांच्या तारखाही सांगणार आहे. पियुषला म्हटलंय, एक शब्द मऊ करून सांगू नकोस. लोक काय करतील माहीत नाही. मला भीती वाटते, हाशम. मारतील याची नाही. काहीच बोलणार नाहीत, याची.

आज दुपारी जाजाने हाक मारली. तिच्या बागेत एकच चांगला घड उरला होता. तो तिने माझ्यासाठी उतरवला होता. नातवंडांना बाहेर बसवलं, मला आधी वाढलं. मी जेवलो.

माहीत असूनही हात न आवरलेला,
तुझा
प्रेमराज