प्रदीपचा काचेचा बार

२ फेब्रुवारी
प्रदीपने बार काढला! माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने! तोही बेटेगावात, माझ्याच गावात. तीस वर्षं मी शाळेत शिकवलं आणि शाळा सुटल्यावर दारूविरुद्ध घसा फोडला. तारापूरपासून सरावलीपर्यंत असा चौक नाही जिथे मी बोलले नाही. आणि आता हे!

"बार नाय गं अक्का, स्पोर्ट्स बार."

म्हणजे काय, तर भिंतीएवढा टीव्ही. विषाला क्रिकेटची फोडणी दिली की ते पौष्टिक होतं का?

४ फेब्रुवारी
प्रदीप जेवायला आला. जेवण राहिलं बाजूला. अकरा वर्षं डब्लिनच्या एका पबच्या स्वयंपाकघरात होता, तेव्हा दाखले सगळे तिथलेच. तिथे म्हणे आजोबा नातवाला घेऊन येतात. एक ग्लास अख्खी मॅच पुरवतात. एकाने सगळ्यांना पाजली की पुढची फेरी दुसऱ्याची.

"फेऱ्या इथेही असतात," मी म्हटलं. "कोर्टाच्या!"

"तिकडे लोक गप्पा मारायला पितात, अक्का."

"आणि इकडे मारायला!"

सांगूनच टाकलं — गावातल्या बायकांचं मतदान घेणार. चिठ्ठीवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे बार राहील, आडवी म्हणजे टाळं. तो एवढंच म्हणाला, "माझी अकरा वर्षं आहेत त्यात." आणि उठला. बोंबलाचं कालवण तसंच ताटात.

माझीही तीस वर्षं आहेत म्हटलं. तो फाटकाबाहेर गेल्यावर.

७ फेब्रुवारी
भाषणासाठी वाचन. जपानात म्हणे स्वतःचा पेला स्वतः भरायचा नाही, शेजाऱ्याने भरायचा. जॉर्जियात तर मेजवानीला एक वक्ता नेमतात! त्याचं बोलणं झाल्याशिवाय कोणी पेला तोंडाला लावत नाही. वाचून पुस्तक मिटलं. असाही देश आहे, जिथे दारूसाठी आधी भाषण ऐकावं लागतं. आपल्याकडे भाषण ऐकायला माणसं यावीत म्हणून दारू पाजतात!

हे भाषणात घ्यायचं नाही. बाया हसतील आणि मुद्दा जाईल.

१० फेब्रुवारी
मतदानाच्या अर्जावर बायकांच्या सह्या भराभर मिळाल्या. फक्त तानीने पेन परत दिलं. कंपनीत लोडिंगला जाते ती. सभांना सगळ्यात पुढे बसायची!

"मी नाय करायची सही, बाई."

"का गं?"

"तुमी जाऊन बघा आधी."

मी? बारमध्ये?

१२ फेब्रुवारी
गेले! भारताची मॅच होती, भर दुपारी. प्रदीपने डब्लिनसारखीच रस्त्याकडची सगळी भिंत काचेची केली आहे. आपल्याकडच्या बारला काळी काच, पडदा, आत लाल बल्ब. शिरलेला माणूस बाहेर येईपर्यंत देवालाही दिसत नाही. आणि इथे एसटीतून जाणाऱ्यालाही कळतं कोण बसलंय, काय पितंय!

गिऱ्हाइकं चार. चौघांची रस्त्याकडे पाठ. एकाने हेल्मेट काढलंच नव्हतं — हेल्मेटखालून स्ट्रॉ घालून बिअर! मला बघून झिपरू ताडकन उभा राहिला. चौथीत माझ्याच वर्गात होता.

"बाई, सोडा आहे हा."

"सोड्याला फेस कधीपासून यायला लागला रे?"

तेवढ्यात काचेवर टकटक. बाहेर तानी. आतल्या एकाने हातातला ग्लास निमूट खाली ठेवला, पैसे दिले, बाहेर गेला. तिचा नवरा! मागोमाग मीही बाहेर.

"आधी त्या काळ्या काचेत शिरायचा," तानी म्हणाली, "तर जिता हाय का मेला, कळायचा नाय. आता येताजाता दिसतो. दुसरा ग्लास आला का मी टकटक करते. हे बंद केलंत तर तो परत तिकडेच जाईल, बाई."

मी तशीच घरी आले.

१३ फेब्रुवारी
भाषण फाडलं.

२० फेब्रुवारी
मतदान झालं. आधी मी बोलले — आणि उलटंच बोलले. "जी काच आपला माणूस आपल्याला दाखवते, ती बंद करू नका! आडवी बाटली करायची तर आधी अंधारातल्या बारची करा!" टाळ्या पडल्या. उभी बाटली जिंकली. प्रदीप कोपऱ्यात डोळे पुसत होता.

बाहेर पडताना मागून कोणीतरी बोललंच, "भाऊ निघाला ना, बाई फिरल्या." वळून बघितलं नाही. तीस वर्षांत असं कोणी बोललं नव्हतं.

५ मार्च
बारच्या काचेवर काळा कागद! या टोकापासून त्या टोकापर्यंत! आत बसायला जागा नाही.

प्रदीप म्हणाला, "मतं मिळाली गं अक्का, गिऱ्हाइकं नाय मिळाली. तिकडे पिणं म्हणजे चोरी नसते. इकडे चोरून प्यायल्याशिवाय चढतच नाय कोणाला."

मी सगळ्या जणींना अंगणात जमवलं. बोलायला उभी राहिले. तानी म्हणाली, "भाषण नको, बाई. उलथनं घ्या."

कागद खरवडायला निघालोय. माझं उलथनं लाकडी. सुनेचं स्टीलचं घेतलं आहे.