हलकं वाटतं

नंदाखाल, मे १९५५. रविवार.

सेबी सुट्टीवर आल्यापासून झोपाळ्यावर बसलेला नाही. हवाई दलात विमान उडवणारा माझा धाकटा भाऊ, आणि ओटीवर भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसतो! लहानपणी याला झोपाळ्यावरून उतरवायला आयला फोक उगारावा लागायचा.

आज विहिरीपाशी खोदून विचारलं, तेव्हा बोलला. विमान खाली झेपावलं की काही क्षण अंगाला वजनच राहत नाही. पट्टे नसतील तर माणूस तरंगेल. आधी मजा वाटायची. मग एकदा ढगात वर कुठे, खाली कुठे, तेच कळेना. समोरच्या यंत्रांचे काटे एक सांगत होते, डोकं दुसरंच.

"आता जमिनीवरसुद्धा तसं होतं, बाय. झोपाळा नुसता बघितला तरी भिंत धरावी लागते."

डॉक्टरांना सांग म्हटलं, तर चिडला. सांगितलं की उडणं बंद, म्हणाला. उद्या परत जातोय. आणि मी गप्प बसायचं? काही झालं तर?

संध्याकाळी रोजरीची प्रार्थना संपल्यावर आयने विचारलं, "वर कसं वाटतं रे, बाबा?"

"हलकं वाटतं, आय."

तिचा चेहरा उजळला. हलकं वाटतं, म्हणजे पोराच्या मनावर ओझं नाही, असंच समजली ती. त्याच्या कपाळावर क्रूस काढला आणि हाताला धरून झोपाळ्यावर शेजारी बसवलं.

तो हसत होता, कड्या मुठीत आवळून. आय पायाने झोका देत होती.

"अगो, हा झोपाळा हलत का नाही आज?"

मी खाली पाहिलं. सेबीने दोन्ही पायांचे अंगठे जमिनीत रोवले होते.

"कड्यांना तेल हवंय," मी म्हटलं.