‘सातवा पाणवठा’ कोणी वाचला?

१२ जानेवारी, रविवार. दुपार.

आज कोरेगावच्या आमच्या वाचनालयात ‘माझे आवडते पुस्तक’ची पहिली बैठक झाली. महिन्यातून एका रविवारी एकाने उठून आपलं लाडकं पुस्तक सांगायचं, बाकीच्यांनी ते वाचायचं. कल्पना ग्रंथपाल संयोगिता मॅडमची. पहिला मान मला. चिठ्ठ्या टाकल्या असं त्या म्हणाल्या. माझा अंदाज, सगळ्या चिठ्ठ्यांवर माझंच नाव असणार. गावात वाचणारा सुभेदार दुसरा आहे कोण?

मी ‘सातवा पाणवठा’ सांगितलं. पानं ६१२. नायक रायाजी, विहिरी खणणारा. खडकाला कान लावून पाणी ओळखतो. शेवटी म्हणालो, मी आयुष्यभर रायाजीसारखा वागलो, फौजेत आणि घरातसुद्धा. टाळ्या पडल्या. निवृत्त बँक मॅनेजर धैर्यशील यांनी टाळ्या उशिरा सुरू केल्या आणि लवकर थांबवल्या. नोंद घेतली आहे.

त्यांनीच विचारलं, शेवट काय होतो? मी म्हणालो, शेवट सांगणं म्हणजे वाचकाचा खून. जागच्या जागी सुचलं.

संकल्प: वर्षअखेरपर्यंत पन्नास लोकांना हे पुस्तक वाचायला लावायचं.

१६ जानेवारी

चार दिवसांत शून्य वाचक. वाचनालयात पाच चकरा मारल्या. पुस्तक तळाच्या कप्प्यात, कोपऱ्यात. उचलून डोळ्यासमोर येईल असं वर ठेवलं. संध्याकाळी परत खाली. मॅडम म्हणतात, जाड पुस्तकं वर ठेवली की फळी वाकते. उत्तर फार तयार होतं. संशयास्पद.

२० जानेवारी

धैर्यशील यांनी पुस्तक नेलं. परवा नेलं, आज परतही केलं. दोन दिवसांत ६१२ पानं! म्हणाले, फारच सुंदर. मी विचारलं, काय सुंदर? म्हणाले, भाषा.

भाषा तर लग्नपत्रिकेतही असते.

२१ जानेवारी

सापळा लावला. चिंचेचा पाला वाळवून एकेक बारीक पान ४०, ९०, १३० आणि १७० या पानांत ठेवलं. जो वाचेल त्याच्याकडून पाला पडणार. जो वाचणार नाही, त्याचा पाला साक्ष देणार. मंगलने विचारलं, पुस्तक सहाशे पानांचं, मग पाला एकशे सत्तरपर्यंतच का? मी म्हणालो, तेवढं वाचेल तो प्रामाणिक. ती काही बोलली नाही. अडतीस वर्षांच्या संसारात तिच्या न बोलण्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

२ फेब्रुवारी

निकाल. मेडिकल दुकानवाला शिवतेज: पान ४०चा पाला पडला, ९०चा शाबूत. म्हणाला, लय भारी पुस्तक. माजी सरपंच दिग्विजय: चारही पाले शाबूत. म्हणाले, डोळ्यांत पाणी आलं. कशानं आलं?

वहीत मागच्या बाजूला ‘खोटे वाचक’ अशी यादी सुरू केली. एक नंबरला धैर्यशील. त्यांच्या वेळी पाला नव्हता, पण गरजही नव्हती.

४ फेब्रुवारी

रोजनिशीत स्पष्ट असावं म्हणून लिहून ठेवतो. हे पुस्तक मी १९९४ साली राजस्थानात पोस्टिंगवर असताना वाचलं. पान १८२ला आलो आणि बदलीची ऑर्डर आली. पुस्तक युनिटच्या पेटीत राहिलं. पण शितावरून भाताची परीक्षा होते. मी तर एकशे ब्याऐंशी शितं चाचपली. म्हणजे वाचलेलंच आहे.

हे लोक वाचत नाहीत आणि वर खोटं बोलतात. ती गोष्ट वेगळी.

९ फेब्रुवारी, रविवार

आजच्या बैठकीत बॉम्ब टाकला. उभा राहून पाल्याचा अहवाल वाचला, नावानिशी. शिवतेज म्हणाला, “आवं सुभेदार, दुकानात गिऱ्हाईक बघू का तुमची पानं मोजू?” दिग्विजय उठून गेले. धैर्यशील चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छ होता.

मी शेवटी म्हणालो, न वाचता पुस्तकाची तारीफ करणारा माणूस इतर वाचकांशी दगाबाजी करतो. वाक्य छान बसलं. मॅडमनी ते फळ्यावर लिहिलं, खाली माझं नाव.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून खाकी कपड्यातली एक बाई उठली. पल्लवी, एसटीत कंडक्टर, कोरेगाव-फलटण गाडीवर. म्हणाली, “मला द्या ते पुस्तक.” मी प्रेमाने विचारलं, ड्यूटी करून सहाशे पानं झेपतील का? म्हणाली, “फलटणला गाडी पाऊण तास उभी असती. तेवढ्यात लय वाचून होतंय.”

पहिली खरी वाचक. समाधान वाटलं. संध्याकाळपर्यंत टिकलं.

१५ फेब्रुवारी

स्टँडवर गेलो होतो, सहज. पल्लवी गाडीच्या पायरीवर बसून वाचत होती. लांबून अंदाज घेतला. डाव्या हातातल्या पानांची जाडी उजव्या हातातल्या पानांएवढी झाली आहे.

म्हणजे १८२ केव्हाच ओलांडलं.

तिने मला पाहिलं. म्हणाली, “सुभेदार, कसलं वळान घेतलंय वो ह्यानं! तुमाला त्या वक्ताला काय वाटलं?” मी म्हणालो, वाटायचं ते वाटलंच. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

हिला कोणीतरी माझ्यावर सोडलेली आहे. धैर्यशील यांचा पुतण्या एसटीत आहे. चौकशी केली पाहिजे.

१६ फेब्रुवारी

पुतण्या एसटीत नाही, पोस्टात आहे. तरीही.

२० फेब्रुवारी

दुसरी प्रत मिळवायची मोहीम. साताऱ्यात तीन दुकानं पालथी घातली. एकानेही नाव ऐकलेलं नाही. वाईच्या एका जुन्या वाचनालयात प्रत आहे असं कळलं. तसाच वाईला गेलो. प्रत होती, पण बाहेर देत नाहीत. तिथेच बसून वाचा म्हणाले. बसलो. १८२पासून पुढे सुरू केलं. दीड तासात पान १९०पर्यंत आलो, तर दुपारची सुट्टी. चार वाजता उघडणार. घाटावर सावलीत टेकलो. वारा चांगला होता. जाग आली तेव्हा पावणेसहा.

असो. १९०पर्यंत रायाजी विहिरीतच आहे. काही बिघडलेलं नाही.

२ मार्च, रविवार

आज जे झालं ते लिहावं की नाही, यावर अर्धा तास घालवला.

मंगलच्या भाचीचा फलटणला साखरपुडा. मी म्हणालो, जीपने जाऊ. मंगल म्हणाली, एसटी दारात थांबते, जीप कशाला? गाडीत चढलो. पल्लवी.

खिडकीबाहेर बघत बसलो. देऊर मागे पडलं, तिची तिकिटं काढून संपली आणि ती आमच्या सीटपाशी येऊन दांडा धरून उभी राहिली.

“सुभेदार, झालं बघा वाचून.”

मी म्हणालो, छान.

“एक इचारू? तुमी सभेत म्हणला व्हता, मी आयुष्यभर रायाजीसारखा वागलो.”

म्हणालो होतो.

“फौजेत आनि घरात.”

मंगल ऐकत होती. मी म्हणालो, घरातसुद्धा.

“आवं, पर त्यो तर पोटुशी बायकुला जत्रंत सोडून पळून जातो. इहीर ढासळती, त्याचा आळ सख्ख्या भावावर घालतो. भाऊ जातो जेलात, आनि ह्यो परमुलखात जाऊन दुसरं लगीन करतो.”

गाडी सरळ रस्त्यावर असून ड्रायव्हरने गिअर बदलला. मागच्या पुढच्या सगळ्या माना वळल्या. मी म्हणालो, ते सगळं प्रतीकात्मक आहे.

मंगलने पहिल्यांदाच तोंड उघडलं. “दुसरं लगीन प्रतीकात्मक?”

मागच्या सीटवरच्या फेटेवाल्या म्हाताऱ्याने शेजाऱ्याला विचारलं, “कुठली रं दुसरी?” शेजारी म्हणाला, “फौजंत व्हतं न्हवं. तिकडलीच आसंल.”

पल्लवी खाली वाकली. हळू विचारलं, “कुठवर वाचलंय?” मी म्हणालो, एकशे नव्वद. ती हसली नाही. नुसती मान हलवली आणि पुढे जाऊन वाठारच्या लोकांना दाराशी या म्हणून ओरडली. हसली असती तर बरं झालं असतं. हसणाऱ्या माणसाचा डाव कळतो.

साखरपुड्यात जेवायला बसलो तर मंगलच्या मोठ्या भावाने कानाशी लागून विचारलं, दाजी, राजस्थानात नक्की किती वर्षं होता?

५ मार्च

मंगल माझ्याशी कामापुरतं बोलते. काम फारसं नसतं.

७ मार्च

दिवसभर खाट धरून होतो. ताप नाही, पण येईल असं वाटतं. परवाच्या बैठकीला जाणं वैद्यकीय दृष्ट्या योग्य नाही.

९ मार्च, रविवार

गेलो. न जाणं म्हणजे कबुली.

आज बोलायची पाळी पल्लवीची. ती उभी राहिली, मी दाराजवळची खुर्ची धरली. म्हणाली, “माझं आवडतं पुस्तक ‘सातवा पाणवठा’. सुभेदारांनी सांगितलं म्हणून वाचलं. माणूस गोड बोलून किती वंगाळ वागू शकतो, ते ह्यात लय खरं लिवलंय.” दहा मिनिटं बोलली. माझ्या १९० पानांबद्दल चकार शब्द नाही.

धैर्यशील वळून मला म्हणाले, “मग सुभेदार, आता तुम्हीच सांगा शेवट.” सगळे थांबले. मी दाराकडे पाहिलं. पल्लवी म्हणाली, “शेवट न्हाई सांगायचा, सर. ज्याचा त्यानं वाचायचा.” विषय संपला.

या बाईने मला का वाचवलं? फुकट कोणी कोणाला वाचवत नाही. वीस मिनिटं विचार केला. कारण सापडलं नाही, त्यामुळे संशय वाढला आहे.

बाहेर पडताना तिने पुस्तक माझ्या हातात दिलं. “तुमच्या नावावर केलंय. सावकाश वाचा.”

११ मार्च

पुस्तक घरात आलेलं मंगलने पाहिलं. ज्वारी निवडत होती. म्हणाली, “मला वाचून दाखवा. पहिल्यापास्नं.” मी म्हणालो, तुला कंटाळा येईल. म्हणाली, “तुमी वाचा तर.”

रोज दुपारी तीन ते पाच. ऑर्डर आहे.

१८ मार्च

आज जत्रेचं प्रकरण आलं. पान २४७. रायाजी बायकोला म्हणतो, इथंच थांब, पाणी घेऊन येतो. ती संध्याकाळपर्यंत थांबते. मग दुसऱ्या दिवशीही थांबते. तिथे मी पाणी प्यायला थांबलो. धुळीमुळे. मंगल सुपातली ज्वारी तशीच ठेवून म्हणाली, “थांबू नगा. म्होरं वाचा.”

वाचून झाल्यावर तिने पेटीतून एक आंतरदेशीय पत्र काढलं. चौऱ्याण्णव सालचं, माझ्या अक्षरातलं. त्यात तीन बाजू भरून रायाजीची तारीफ. मंगल म्हणाली, “तवा आपली धाकटी पोर न्युमोनियानं दवाखान्यात व्हती. मी तार केली व्हती. तुमी ह्ये लिवून पाठवलं.”

पत्र दोनदा वाचलं. धाकटीचं नाव शोधलं. नाही.

तार मला मिळाली नसेल. फौजेत तारा उशिरा येत. पण पत्रात चौथ्या बाजूला शेवटी मीच लिहिलंय: तार मिळाली, काळजी घेणे.

इतकी वर्षं एखादं पत्र जपून ठेवणं यामागे हेतू काय असावा?

१९ मार्च

हेतू विचारला. म्हणाली, “हेतू कसला? तुमची तेवढीच लांब चिठ्ठी.”

आज तीनऐवजी अडीचलाच वाचायला बसलो. ज्वारी मीही निवडली. खडे तिच्याइतके सापडले नाहीत.

२८ मार्च, शुक्रवार. सायंकाळ.

६१२ संपलं. रायाजी म्हातारा होऊन गावात परत येतो. बायको त्याला ओळखते, तांब्याभर पाणी देते आणि दुसऱ्या घरी कामाला निघून जाते. बस्स. एवढाच शेवट. ना माफी, ना भांडण. मंगलने पदराने डोळे टिपले आणि बराच वेळ उठली नाही.

मला पुस्तक आवडलं नाही. रायाजी अगदीच हलका माणूस निघाला. आणि मधली दोनशे पानं लांबली आहेत. तीस वर्षं लोकांना सांगत आलो, पण आता कोणी विचारलं तर मी हे पुस्तक सुचवणार नाही.

विचारणारही नाही कोणी. एप्रिलच्या बैठकीत मंगल याच पुस्तकावर बोलणार आहे. संयोगिता मॅडमना तिने परस्पर फोन केला. मी विचारलं, माझ्याबद्दल काही बोलणार आहेस का? म्हणाली, “पुस्तकाचं बोलायला वेळ पुरंना, तुमचं कुठं?”